शुक्रवारचा फोन

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि मी चढलो तो बी.बी.ए.साठी. तत्त्वज्ञान मला दोन क्रेडिटच्या एका विषयापुरतंच शिकवलं गेलं. त्या जोरावर मी एका मोठ्या ज्यू विचारवंताबद्दल लिहायला बसावं, हे मलाच अवघड वाटतं. त्याचं नाव मी इथे घेणार नाही, कारण जे त्याला खरोखर ओळखतात त्यांना माझी चूक लगेच दिसेल. शिवाय मी काही म्हातारा झालेलो नाही. आठवणी लिहिण्याएवढं वय नाही, असं बायको म्हणते. पण बाबांचं तेव्हाचं वय आता मला फार लांब राहिलेलं नाही. आणि तो माणूस आणि आमच्या घरातला शुक्रवारचा फोन या दोन गोष्टी माझ्या डोक्यात अशा अडकल्या आहेत की एक ओढली की दुसरी येतेच.

आम्ही शारजात अल मजाजला राहत होतो. सहावा मजला, एक बेडरूम आणि हॉल. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तळ्याची एक निळी चिरी दिसायची, तेवढ्यावर आई येणाऱ्याजाणाऱ्याला ‘लगूनफेसिंग’ म्हणून सांगायची. बाबा एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत स्टोअरकीपर होते. पाइप, व्हॉल्व्ह, केबलचे रोल. कुठल्या साइटवर काय गेलं ते त्यांना तोंडपाठ असे, आणि जेवताना ते आम्हाला दुबईच्या इमारती त्या हिशेबाने ओळखायला लावत. ‘त्या टॉवरला आतून पाणी चढतं ना, ते आपल्या पाइपातून.’ आपल्या, म्हणजे कंपनीच्या. घरात कुळथाची पिठी, कोकमाचं सार आणि शुक्रवारी मासे. देवगडच्या बाजूची माणसं आम्ही. शुक्रवारी सकाळी बाबा मासळीबाजारातून बांगडे किंवा सुरमई आणायचे, आई वाटण लावायची, आणि त्या मिक्सरच्या आवाजात बाबा गावाला फोन लावायचे. मिक्सर बंद कर, असं ते कधी म्हणत नसत. आक्काला तो आवाज ऐकू जातो, म्हणत. ‘तिला कळतं, आज माझ्या घरी मासे आहेत.’

आक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण. बाबा तीन वर्षांचे असताना त्यांची आई बाळंतपणाला म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात गेली आणि परत आली नाही. आक्का तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. तिने बाबांना आणि आप्पाकाकांना वाढवलं, आणि त्यात तिचं लग्न राहून गेलं. ‘राहून गेलं’ हे घरातलं वाक्य. कोणी करून दिलं नाही, हे मी मोठा झाल्यावर माझं मी समजून घेतलं. आजी येणार नाही हे बाबांना कोणी सांगितलंच नव्हतं. उद्या येईल, परवा येईल, असं करत करत ते विसरले, आणि आक्कालाच आई म्हणायला लागले. मग शाळेत मुलं हसली तेव्हा पुन्हा आक्का म्हणायला लागले.

मंदी आली ती आमच्याकडे आधी क्रेनच्या रूपाने आली. कॉलेजच्या बसमधून रोज दिसणाऱ्या क्रेन एके दिवशी फिरायच्या थांबल्या, आणि मग कित्येक महिने त्याच दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या. बाबांच्या कंपनीने आधी ओव्हरटाइम बंद केला, मग निम्मा स्टाफ, मग बाबांना बोलावून सांगितलं की पगार नाही, पण कॅन्सलही करत नाही. कंपनी गुंडाळेपर्यंत व्हिसा राहील. कंपनीचा पीआरओ, म्हणजे व्हिसाचे कागद बघणारा माणूस, एक सज्जन इजिप्शियन होता. तो बाबांना हिंदीत म्हणाला, ‘हबीबी, इधर बैठो, कोई प्रॉब्लेम नहीं. लेकिन बाहर गया तो खलास. फिर एंट्री नहीं मिलेगा.’ बाबांच्या व्हिसावर आईचा व्हिसा आणि माझा. मुलगा अठराच्या पुढे गेला की शिकत असेल तरच बापाच्या व्हिसावर राहतो. आणि आमचं कॉलेज, म्हणजे एका व्हिलात भरणारी भारतातल्या विद्यापीठाची शाखा, स्वतःचा व्हिसा देत नसे. माझं शेवटचं वर्ष होतं. बाबा शारजातून हलले असते तर मी परीक्षेला बसू शकलो नसतो.

आणि नेमका त्याच हिवाळ्यात आक्काला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आप्पाकाका फोनवर म्हणाले, ‘डॉक्टर म्हणता, काय सांगूक येणा नाय.’

त्या दिवशी बाबांनी पासपोर्टची पिशवी काढून टेबलावर ठेवली. मी म्हणालो, ‘बाबा, तुम्ही जा. मी पुढच्या वर्षी बसेन. गावाहून बसेन.’ मी हे मनापासून म्हणालो होतो, एवढं मला इथे लिहू द्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि कपाटात परत ठेवली. ‘आपल्यात पदवी कोणाकडे नाही,’ ते म्हणाले. ‘आक्का बरी होऊन विचारील, झिलाचं काय केलंस? तेव्हा काय सांगू?’ झील म्हणजे मुलगा, म्हणजे मी. असं ते ठरलं. परीक्षा संपली की सगळ्यांचं कॅन्सल करायचं आणि गावी जायचं. तोपर्यंत आक्काने थांबायचं होतं. तसं कोणी तिला विचारलं नव्हतं.

मग शुक्रवारच्या फोनचं रूप बदललं. बेडरूम आम्ही एका मल्याळी जोडप्याला भाड्याने दिली होती, त्यामुळे आम्ही तिघंही हॉलमध्ये, आणि फोनही हॉलमध्येच. बाबा कॉलिंग कार्डावरचा लांबलचक नंबर दाबायचे. आप्पाकाका उचलायचे, ‘थांब हां, कानाक लावतंय,’ म्हणायचे, आणि मग बाबा एकटेच बोलायचे. ‘आक्का, मी बोलतंय गो. पेज खाल्लंस? हंय थंडी कमी झाली. झिल अभ्यास करता. काल माका मासळीबाजारात मुडदुशे गावले, गो, आपल्यासारखे नाय, पण बरे होते.’ पलीकडून फक्त श्वास. जड, घरघरणारा. बाबा मधेच थांबायचे, तो श्वास ऐकायचे, आणि जणू तिने काही विचारलं अशा थाटात उत्तर द्यायचे. ‘होय, होय, औषध घेतंय.’ पूर्वी त्यांचे फोन पाच मिनिटांत संपायचे, दोघंही पैशांच्या काळजीने एकमेकांना ‘ठेव आता’ म्हणायची. आता कार्ड संपेपर्यंत ते बोलत. माझ्याशी किंवा आईशी त्यांना इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

याच दिवसांत मॅथ्यू सरांनी आम्हाला तो विचारवंत शिकवायला घेतला. सर केरळचे, पन्नाशीचे, घामाने कायम ओली कॉलर. एथिक्सचा तास दुपारचा असायचा आणि वर्गातली मुलं मोबाइलवर नोकऱ्या शोधत बसायची. सर सांगायचे, हा माणूस म्हणतो की आपण जगाशी दोन तऱ्हांनी वागतो. एक, समोरच्याला वस्तू समजून: तो किती कामाचा, किती पगाराचा, कुठल्या व्हिसावरचा. दुसरी, समोरच्याला सगळ्या जिवानिशी सामोरं जाऊन. तेव्हा तो कशाचाही नमुना राहत नाही, फक्त तो असतो. आणि हा म्हणतो की खरं जगणं या दुसऱ्या तऱ्हेतच घडतं, दोन माणसांच्या मधल्या जागेत. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, ‘सर, एचआरला हे शिकवा.’ सगळे हसले. सरही हसले, आणि म्हणाले, ‘एचआरच्या माणसालाही आज सकाळी लेटर मिळालं असेल, बघ.’

मला ते विचार अर्धेच कळायचे, पण त्याचं आयुष्य सगळं कळायचं. तीन वर्षांचा असताना त्याची आई घर सोडून गेली. आजोबांच्या घरी गॅलरीत उभा असताना शेजारच्या एका मोठ्या मुलीने त्याला सांगितलं की ती आता कधीच यायची नाही. घरातल्या मोठ्यांनी त्याला एक शब्दही सांगितला नव्हता. पुढे कितीतरी वर्षांनी, तो बायकामुलांचा झाल्यावर, आई भेटायला आली. समोरासमोर बसली. आणि त्याला जाणवलं की भेट झालेली नाही. अशा हुकलेल्या भेटीला त्याने आपल्या भाषेत एक शब्दच घडवला होता. नंतर त्याला स्वतःचा देश सोडून जेरुसलेमला जावं लागलं. तिथे तो अरब आणि ज्यूंनी एकत्र नांदावं म्हणत राहिला आणि आपल्याच लोकांचा राग ओढवून घेत राहिला. तो गेला तेव्हा अरब विद्यार्थ्यांनीही त्याला फुलं वाहिली, असं सर म्हणाले.

हे मी घरी सांगितलं. बाबा बेकार असल्यामुळे माझ्या कॉलेजातलं सगळं त्यांना ऐकायचं असायचं. ‘ज्यू?’ ते म्हणाले. ‘बसमध्ये वाचत बसू नको रे, उगाच कोणीतरी विचारील.’ मग थोड्या वेळाने, ‘त्याची आई आली का परत?’

‘आली. पण खूप वर्षांनी. भेटली, पण भेट झाली नाही, असं तो म्हणतो.’

‘म्हणजे उशिरा आली,’ बाबा म्हणाले. ‘त्याला एवढं पुस्तक कशाला लिहायला पाहिजे?’

आणखी एक गोष्ट सरांनी सांगितली होती, ती मी बाबांना सांगितली नाही, का ते आठवत नाही. एक तरुण त्या विचारवंताकडे आला. याने त्याला बसवलं, सभ्यपणे त्याच्या सगळ्या प्रश्नांना उत्तरं दिली. पण सकाळपासून तो स्वतःच्याच कसल्या तरी ध्यानाच्या आनंदात होता. त्या मुलाने न विचारलेला प्रश्न त्याने ऐकलाच नाही. मुलगा निघून गेला. पुढे एका मित्राकडून कळलं की तो मुलगा आता जगात नाही, आणि तो आला होता तो गप्पा मारायला नव्हे, तर जगण्याबद्दलचं काहीतरी विचारायला आला होता. त्या दिवसापासून याने ध्यानाचा आनंद सोडला, सर म्हणाले. मला वाटलं, मोठ्या माणसांना बातम्यासुद्धा उपयोगी पडतात. आमच्यासारख्यांना नुसत्याच पोचतात.

परीक्षेला दोनेक महिने राहिले असतील. एका शुक्रवारी घरी मासे आले नाहीत. आई म्हणाली, बाजारात चांगले नाहीत. ‘समुद्राला टेकून शहर आहे, आणि मासे चांगले नाहीत?’ बाबा म्हणाले. ‘मग काय गोव्याहून मागवू?’ आईने फक्त डाळीला फोडणी दिली. पुढच्या शुक्रवारीही तेच. देवासमोर दिवाही लागला नाही. आई म्हणाली, आतल्या जोडप्याला धुराचा त्रास होतो. त्या सुमाराला एकदा आईने पत्रावळीएवढा कागद घेऊन त्यावर भात, वर दही असं काहीतरी खिडकीबाहेरच्या एसीच्या खोक्यावर ठेवलं, आणि कावळे जमले. खालून पठाण वॉचमन ओरडत वर आला, ‘भाभी, कबूतर गंदा करता है, मालिक फाइन मारेगा.’ आईने त्याची माफी मागितली, पण एक कावळा चोच मारेपर्यंत खिडकीतून हलली नाही. आम्ही दोघं हे सगळं बघत होतो. अभ्यासाचं घर, बेकार नवरा, हॉलमध्ये संसार; बाईमाणसाचं डोकं फिरायला आणखी काय लागतं, असं आम्हाला वाटलं. बाबा तर मला हळूच म्हणाले, ‘आईला घेऊन एकदा देवळात जाऊन ये बरं दुबईला.’ मी विचारलं तर ती म्हणाली, ‘मला आत्ता चालत नाही.’ मी मुलगा, त्यापुढे मी काय विचारणार?

फोन चालूच होते. एका शुक्रवारी बाबा बोलता बोलता थांबले, कान लावून राहिले, आणि ओरडून म्हणाले, ‘आप्पा, वारो आयकाक येता. भायर आणलंस काय तिका?’ पलीकडून आप्पाकाकांचा आवाज लांबून आला, ‘होय, भायर आणलंव.’ बाबांना बरं वाटलं. फोन ठेवल्यावर आईला म्हणाले, ‘खाट बाहेर काढतात आता. हवेत बरं वाटत असणार. श्वास बघ, ऐकूही येत नाही इतका हलका झालाय.’ आई धुतलेली भांडी पुन्हा धूत होती.

त्या विषयाला शेवटी एक निबंध लिहायचा होता. मी तो बाबांच्या शुक्रवारच्या फोनबद्दल लिहिला. मी लिहिलं की जिला उत्तर देता येत नाही, जी दिसत नाही, तिच्याशी माझे वडील दर शुक्रवारी बोलतात. त्यांना तिच्याकडून काही नको असतं. आणि त्या मधल्या समुद्रावर काहीतरी खरोखर घडतं, शब्दांशिवाय. मी लिहिलं की पलीकडे कोणीतरी पूर्णपणे ऐकत आहे, हे वडिलांच्या आवाजावरून मला कळतं. इंग्रजी कच्चं होतं, पण सरांनी तो वर्गात वाचून दाखवला. कॉलर पुसत म्हणाले, मी तीन आठवडे जे सांगत होतो ते या मुलाने घरी पाहिलं. पूर्ण मार्क दिले. मला आयुष्यात एवढा मान त्याआधी मिळाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर नंतरही नाही. पुढची नोकरी, दुबईत अल बर्शातलं घर, मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणारी माझी मुलगी, हे सगळं त्या पदवीतून आलं. पण टाळी तेवढी एकदाच.

संध्याकाळी मी तो निबंध बाबांना मराठी करून वाचून दाखवला. बाबा सोफ्यावर मांडी घालून ऐकत होते, हात मांडीवर, शाळेतल्या मुलासारखे. डोळे पुसले त्यांनी. ‘माझ्याबद्दल पुस्तकात लिहिण्यासारखं आहे काहीतरी,’ ते आईला म्हणाले. ‘ऐकलंस? तो ज्यू म्हणतो तसं मी करतो.’

‘पुरे आता,’ आई म्हणाली. इतक्या मोठ्याने की आतल्या खोलीतला टीव्ही कोणीतरी बारीक केला. ‘पुरे तुमचा तो निबंध. जेवायला बसा.’

मला राग आला. अजूनही येतो, पण आता त्याचं कारण वेगळं आहे.

शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, चल, आक्कासाठी काहीतरी घेऊ, रिकाम्या हाताने कसं जायचं. पीआरओला त्यांनी सांगून टाकलं होतं, कॅन्सलचे कागद टाकले होते. आईने ‘तिकडे मिळतं की सगळं’ असं दोनतीनदा म्हणून पाहिलं. आम्ही बसने देऱ्याला गेलो आणि अब्रात बसून खाडी ओलांडली. बाबा खुशीत होते. एक दिरहम नावाड्याच्या हातावर ठेवताना सवयीने म्हणाले, ‘तेरा रुपयांत समुद्रप्रवास.’ मीना बाजारात एका कापडाच्या दुकानात परब म्हणून आमच्या शेजारच्या वाडीतला माणूस होता. सुट्टीवरून नुकताच परत आला होता, म्हणून बाबांना मुद्दाम त्याच्याकडेच जायचं होतं. गावची ताजी खबर मिळेल, म्हणाले.

परबने खुर्ची दिली, चहा मागवला. बाबांनी सांगितलं, ‘मऊ सुती पायजे. गाउन शिवता येईल असा. झोपून असलेल्या माणसाला टोचता नये.’

परबने तीन तागे काढले. बाबांनी फिकट निळ्यावर हात फिरवला, दोन बोटांत कापड चोळून पाहिलं, गालाला लावून पाहिलं. ‘हो बरो. रंग आक्काक आवडतलो.’

परबचा हात ताग्यावर थांबला. ‘कोणासाठी म्हणालात, भाऊ?’

‘आक्कासाठी. दुसरं कोण झोपून आहे आमच्यात?’

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग दुकानाच्या दाराकडे पाहिलं, जणू तिथून कोणी गिऱ्हाईक येऊन त्याला सोडवणार होतं. ‘भाऊ,’ तो म्हणाला, ‘मी तेराव्याक होतंय. शिमग्याच्या आधी. तुमका... आक्का गेली त्याच दिवशी आप्पांनी वहिनींका फोन केल्यानी. माझ्यासमोर. वहिनी म्हणाल्या, झिलाची परीक्षा होऊंदे.’

बाबांच्या हातात कापड तसंच होतं. मला खिडकीतले कावळे दिसले. बाबांनाही तेच दिसलं असेल का, मी त्यांना कधी विचारलं नाही. चहा आला, पोऱ्याने ठेवला, गेला. बाबांनी तागा नीट गुंडाळला, कडेला कड जुळवून, स्टोअरमध्ये गुंडाळायचे तसा, आणि परबच्या पुढे सरकवला.

‘मी शुक्रवारी बोललो,’ ते म्हणाले. ‘शिमग्यानंतर. दर शुक्रवारी बोललो.’

‘बघलंय मी,’ परब म्हणाला. ‘आप्पा माडाकडे उभे होते, फोन धरून. घरात धरवना नाय म्हणाले. मी इचारलंय, कोणाचो फोन? म्हणाले, भावाचो. बोलांदे त्याका.’

‘मग आप्पाने ऐकलं असेल,’ बाबा म्हणाले. त्यांनी परबचं मनगट धरलं. ‘मी जे बोललो ते निदान आप्पाने तरी ऐकलं असेल ना?’

परबला खोटं बोलता आलं असतं. आमच्यातल्या सगळ्यांनाच येतं. त्याने आपला मोकळा हात वर केला, कानापासून लांब, कोपर सरळ करून, आणि दाखवला.

‘नाय, भाऊ. फोन असो धरलेलो.’